पाच वाजताचे दाजी

नीट चालणाऱ्या वस्तूवर आमच्या दाजींचा उभ्या आयुष्यात विश्वास बसला नाही. पंखा आवाज न करता फिरत असला, घड्याळ बरोबर वेळ दाखवत असलं, की ते अस्वस्थ व्हायचे. असली वस्तू आपल्यापासून काहीतरी लपवते आहे असं त्यांना वाटे. "चांगली वस्तू नुसती गोड बोलती, मेव्हणे," ते मला सांगायचे, "बिघडलेली खरं बोलती." त्यामुळे कुणाच्याही घरी पाऊल टाकलं की त्यांची नजर आधी घरातल्या सगळ्यांत आजारी वस्तूचा शोध घेई, यजमानांची तब्येत ते नंतर विचारत. भोकरला एका पुतणीच्या लग्नात लाउडस्पीकर घरघरत होता. हातात अक्षता घेऊन उभे असलेले दाजी त्या घरघरीच्या मागे वायर धरून निघाले ते मांडवाबाहेर गेले, स्वयंपाकाच्या चुलीमागून फिरले, आणि परत आले तेव्हा नवरा-नवरी जेवायला बसली होती. दाजींच्या एका मुठीत तुटकी वायर होती आणि दुसऱ्या मुठीत अक्षता तशाच होत्या. त्यांनी मोठ्या समाधानाने विचारलं, "घरघर गेली का न्हाई?" मुलाचे वडील म्हणाले, "घरघर बी गेली दाजी, अन् लगीन बी गेलं."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांनी नोकरी केली. मी नांदेडला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, लग्न केलं नाही, पुस्तकांत रमलो. लग्नाच्या दिवशी त्यांनी मला "मेव्हणे" म्हणून हाक मारली आणि पुढे माझं नाव काय आहे याची त्यांना कधी गरज पडली नाही. प्रयोगशाळेने त्यांना एक तत्त्व दिलं होतं: एका वेळी एकच बदल करायचा, काय झालं ते वहीत लिहायचं, मगच दुसरा. हे तत्त्व त्यांनी घरात आमटीलाही लावलं. अक्काने एकाच दिवशी मीठ कमी आणि चिंच जास्त केली की ते हात आखडून बसत. आमटी चांगली झाली असेल तर त्यांना जास्तच दुःख व्हायचं, कारण ती कशामुळे चांगली झाली हे आता कधीच कळणार नव्हतं. "तुम्ही जेवायलाव का परीक्षा घ्यायलाव?" अक्का विचारायची. लातूरला क्लासेसचं पीक आलं, गल्लोगल्ली पाट्या लागल्या, तेव्हा एका क्लासवाल्याने दाजींना प्रात्यक्षिकं शिकवायला बोलावलं. दाजींनी पहिल्याच तासाला मुलांना सांगितलं की उत्तर चुकलं तरी चालेल, पण कसं चुकलं ते दोन पानं लिहा. मुलांनी मनापासून लिहिलं. आठ दिवसांनी क्लासवाल्याने दाजींना चहा पाजला, शाल दिली, मग तो पाया पडला आणि परत येऊ नका म्हणाला.

भूकंपानंतर सगळं लातूर कितीतरी दिवस रात्री घराबाहेर मुक्कामाला होतं. पुढचा धक्का कळावा म्हणून पुष्कळ लोक उलट्या पेल्यांवर पेले रचून ठेवत. दाजींनी चौदा पेल्यांचा मनोरा रचला, त्यावर अक्काची पुरणाची चाळणी आणि चाळणीवर घंटा. एका भरदुपारी मांजराने तो पाडला. सगळी गल्ली लेकरंबाळं उचलून रस्त्यावर आली. म्हातारी माणसं रामराम म्हणत धावली. आणि दाजी मात्र दारात घड्याळ धरून उभे, गल्ली रिकामी व्हायला किती वेळ लागतो ते मोजत. त्यांना शिव्या देणाऱ्यांचीही त्यांनी नोंद केली, सगळ्यांत शेवटी घराबाहेर कोण पडलं ते कळावं म्हणून. पण याच माणसाने त्या दिवसांत पडलेल्या गावांत जाऊन पंधरा दिवस माती उपसली होती. तिथलं ते फारसं सांगत नसत. एकदाच म्हणाले, "ढिगाऱ्यापाशी उभं राहून हाक मारायची, अन् मग सगळ्यांनी गप बसायचं. कोण ओ देतंय का बघायचं."

माझे कान चाळिशीनंतर जायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत जवळजवळ गेले. कानाला यंत्र लावलं की कुकरची शिट्टी आणि ऑटोचा हॉर्न मोठा होऊन येई, माणसाचं बोलणं मात्र पाण्याखालून आल्यासारखं. समोर बसलेल्या माणसाच्या ओठांवरून मी बोलणं वाचायला शिकलो होतो, पण फोन माझ्यासाठी संपला. अक्का फोन करायची, मी "हो, हो, बरं" म्हणून ठेवून द्यायचो. हळूहळू उचलणंच सोडलं. तसा मी मुळात कमी बोलणारा. वाटलं, राहिलेले दिवस पुस्तकांबरोबर काढू, त्यांना ओठ नसतात. आठवडाभर मी एकही फोन घेतला नाही, तेव्हा एका सकाळी दाजी एसटीने नांदेडला माझ्या दारात. खांद्यावर पिशवी, पिशवीत कॅमेरा, आणि मागे हमालाच्या डोक्यावर एक जुना कॉम्प्युटर. आत येऊन, चपला न काढताच, माझ्या तोंडासमोर तोंड आणून ते एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "हाक मारली की ओ द्यायची. माणसानं ओ दिली पाहिजे, मेव्हणे. तुम्हाला ऐकू येईना झालंय, आम्हाला तर येतंय की." तसला एक कॅमेरा त्यांच्याही घरी होता. ठरलं असं, की रोज संध्याकाळी पाच वाजता ते लातूरहून पडद्यावर यायचे, मी त्यांचे ओठ वाचायचे, आणि मी बोलेन ते त्यांनी कानांनी ऐकायचं. मी मनाशी वेगळंच ठरवलं होतं. हे जमलं तर ठीक, नाहीतर एकदा दाजींची समजूत पटली की दार लावून घ्यायचं, ते कायमचं.

ते जमलं नाही. माझ्याकडचं चित्र लातूरला छान दिसे. लातूरहून येणारे दाजी मात्र अडखळत येत. ज्यांना कान आहेत त्यांना चित्र थोडं मागेपुढे झालं तर काही बिघडत नाही, ते आवाजावर निभावून नेतात. माझ्यासाठी तो चेहरा हाच आवाज होता. दाजी हसायला सुरुवात करत आणि तिथेच थांबत. मग एकदम त्यांचा हात वर गेलेला दिसे, मधलं सगळं गेलेलं. ओठ मिटून होणारी अक्षरं तर गाळात जात, कारण ओठ मिटलेला तो एक क्षण नेमका चित्रात नसे. मी म्हणालो, "दाजी, राहू द्या. चिठ्ठ्या लिहू." यावर त्यांचा चेहरा असा उजळला की तेवढा काही मला अडखळत दिसला नाही. कॅमेरा बिघडला होता. तो त्यांच्याशी खरं बोलायला लागला होता.

दाजींनी नवी वही घातली. पण मोजायचं कसं? मला दिसतंय की नाही हे नुसतं विचारून चालणार नव्हतं. मी भिडस्त, बरं आहे म्हणेन. ओळखीचं काही वाचलं तर मी अंदाजाने सांगेन. शेवटी त्यांना लातूरने वाट दाखवली. तेव्हा क्लासेसच्या पानभर जाहिराती वर्तमानपत्रात यायच्या, गुणवंतांची शेकडो नावं गावासकट. रोज पाचला दाजी त्यातली दहा नावं वाचायचे आणि मी ओठ बघून परत म्हणायची. रेणापूरची वैष्णवी, हिमायतनगरचा ओंकार, देगलूरची सानिया. जितकी बरोबर तितके मार्क. "अंदाज करता येत न्हाई असली एवढी नावं दुसरीकडं कुठं मिळणार?" ते म्हणत. ज्या लेकरांना आम्ही कधी पाहिलं नाही, ज्यांचे आईबाप गावाकडे पेढे वाटत होते, त्यांची नावं आम्ही दोन म्हातारे लातूर-नांदेडमध्ये मोठ्याने म्हणत बसायचो. पहिल्या दिवशी मला दहापैकी तीन मिळाले.

मग रोज एक बदल. आधी कॅमेऱ्याची लांब जोडवायर काढून तो सरळ कॉम्प्युटरला लावला: चार. पुढच्या खाचेतून काढून मागच्या खाचेत: चार. त्याच कॉम्प्युटरला जोडलेल्या यूएसबी खाचांच्या डबीवर प्रिंटर, माउस आणि अक्काचा मोबाइल चार्जर लटकत असे, ते सगळे उतरवले: पाच. त्या दिवशी दाजी पेढा खाताना दिसले. चित्राची बारकाई कमी केली, कॅमेऱ्याचा ड्रायव्हर काढून परत घातला, मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम एकेक करून बंद केले. कॅमेरा सारखा जवळ-लांब नजर टाकून चित्र धूसर करी, त्याला दाजींनी मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला दोषी धरलं. "ह्याला माझ्यापेक्षा कॅलेंडर बघायची हौस," म्हणून कॅलेंडर उतरलं. अक्काच्या तिथी-वाराचे हाल झाले. चतुर्थी कधी हे तिला शेजारणीला विचारावं लागलं. पडद्याच्या कडेला मला ती दिसली, कमरेवर हात ठेवून: "देवाच्या दिवसाचा बी पत्ता न्हाई ह्या घरात. लई झालं तुमचं संशोधन." दाजींनी मान न वळवता वहीत लिहिलं. आकडा मात्र पाचाच्या पुढे जाईना. संध्याकाळी वरच्या खोल्यांत भाड्याने राहणारी क्लासची पोरं एकदम इंटरनेट वापरतात, त्यानेच हे होतं, असा त्यांचा संशय पक्का होत चालला होता.

या काळात मी एक पाप केलं. रोज पाच-पाच मार्क घेऊन दाजींचा उतरलेला चेहरा बघवेना. माझ्याकडे नांदेडलाही तेच वर्तमानपत्र येई. मी जाहिरात टेबलावर पडद्याच्या खाली ठेवायला लागलो. दाजींचे ओठ नावाच्या सुरुवातीला हलले की मी डोळा खाली टाकून यादीत शोधायचो. सहा झाले, सात झाले, आठ झाले. लातूरला आनंदीआनंद. आठव्या दिवशी दाजींनी नऊ नावं वाचली आणि मी आठ बरोबर सांगितली. दहाव्यालाही मी यादीतली भोकरची एक मुलगी ठोकून दिली. दाजी पडद्याजवळ आले. इतके जवळ की नुसते डोळे आणि नाक.

"मेव्हणे, खाली काय बघायलाव?"

"कुठं काय."

"आता मी म्हणलो ते नाव पेपरात न्हाईच. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचं नाव घेतलं मी." मग ते मागे सरकले आणि मला त्यांचा सगळा चेहरा दिसला. त्यांना इतकं दुखावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "कॉपी करायलाव? अख्ख्या लातूरमधी एक पोरगं करत न्हाई, अन् तुम्ही, लायब्रीचा माणूस? चुकलेलं चालतंय मला. पाच म्हणजे पाच लिहीन मी. पण असं खोटं मिळालं तर आता ह्या आठ दिवसांचं मी काय करू?"

मी खूप दिवसांनी खरं बोललो. म्हणालो, दाजी, तुम्ही थकाल आणि हे बंद पडेल याची मला भीती वाटते. हे बंद पडलं तर माझ्याशी बोलणारं कुणी उरत नाही. दाजी ऐकत राहिले. मग त्यांनी वहीची आठ पानं फाडली नाहीत, त्यांच्यावर एक आडवी रेघ ओढली आणि कडेला काही लिहिलं. वर बघून म्हणाले, "थकतंय कोण? अजून लई वायरी राहिल्यात."

दिवाळीत उलगडा झाला. पोरं गावाला गेली, वरच्या खोल्या ओस, इंटरनेट सगळं दाजींचं. तरी पाच मार्क. संशयित निर्दोष सुटला. त्यातच अक्काने घर झाडायला काढलं आणि दाजींना टेबल-कॉम्प्युटरसकट अंगणात हाकललं. अंगणातून दाजी आले ते लोण्यासारखे. हसले तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत हसले. मला आठ मार्क मिळाले, खरे. पण दाजी नाराज. एका वेळी किती बदल झाले! जागा, खुर्ची, विजेची खाच, हवा, सगळंच. अक्काने आमटीत केलं तेच अंगणात केलं होतं. त्यांनी चार दिवस घेतले. खुर्ची आत नेली, पुन्हा बाहेर आणली, आतली वायर बाहेर घातली. चौथ्या दिवशी, भर अंगणात, ते डोक्यावरून घोंगडी घेऊन कॅमेऱ्यासमोर बसले. नुसतं नाक तेवढं अंधारातून डोकावत होतं. चित्र लगेच अडखळायला लागलं. घोंगडी काढली, चित्र सरळ. पुन्हा घेतली, पुन्हा अडखळलं. कुंपणावरून शेजारचे आप्पा विचारत होते, "दाजींना हीव भरलंय का वहिनी?" घोंगडीतून दाजी ओरडले ते अक्काने मला नंतर सांगितलं: "उजेड! आप्पा, उजेड!"

उजेड कमी असला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, मग सेकंदाला तीस चित्रं निघायची तिथे आठ-दहाच निघतात. आपल्या डोळ्याला ट्यूबलाइटची खोली उजेडाची वाटते, कॅमेऱ्याला ती संध्याकाळ असते. दाजींनी घर बांधलं तेव्हा त्या खोलीत पाच वाजता ऊन यायचं. नंतर शेजारी क्लासची चार मजली इमारत उभी राहिली आणि ऊन गेलं, पण सवयीने त्यांना ते आहेच असं वाटत होतं. "चाळीस वर्षं मी पोरांना आधी उजेड बघा म्हणून सांगितलं," ते म्हणाले, आणि स्वतःच्या कपाळावर चापट मारून घेतली. त्या दिवसापासून पाचची बैठक अंगणात. समोर दोरीवर अक्काची पांढरी चादर, उजेड तोंडावर फेकायला. पावसात ओसरीवर, दोन ट्यूबा लावून. गल्लीतून जाणारा येणारा कॅमेऱ्यात डोकावू लागला. भाजीवाली पाटी उतरवून मला मेथी दाखवायची. मी नांदेडला दार लावून बसणार होतो. आता पाच वाजता निम्मी गल्ली माझ्या टेबलावर यायची.

आठवर गाडी अडली. मी सहज म्हणालो, "चित्र आता सुरेख आहे, दाजी. फक्त वरचा ओठ नीट दिसत नाही." दाजींना तरुणपणापासून झुपकेदार मिशी होती, शेजारच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायच्या ब्रशला पोरं त्यांच्या मिशीचंच नाव द्यायची. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्याकडे गेले. परत येईपर्यंत गल्लीने पाहिलं होतं. आमच्याकडे त्या वयाचा माणूस अचानक मिशी उतरवून आला की त्याचा अर्थ एकच असतो. आईवडील केव्हाच गेलेले, म्हणजे गेले असतील ते दाजींचे रेणापूरचे थोरले भाऊ. दाजींची आंघोळ होईतो अंगणात चार बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. सुतकात चूल पेटत नाही म्हणून कुणी पिठलं-भाकरी आणली होती. अक्का पूजा करून बाहेर आली, दाजींचं तोंड बघितलं, बायका बघितल्या, आणि नवऱ्याने आपल्यापासून एवढी बातमी लपवली म्हणून सगळ्यांत मोठ्याने तिनेच रडायला घेतलं. आप्पांनी कर्तव्य म्हणून रेणापूरला फोन लावला.

"कधी उचलायचं ठरलंय?"

"काय उचलायचंय?" पलीकडून थोरल्या भावानेच विचारलं.

"म्हणजे... कोण बोलतंय?"

"मी बोलायलो. कोण गेलं तिकडं?"

आप्पा सरळ माणूस. ते म्हणाले, "तुम्ही."

थोरले दुपारच्या एसटीने जिवंत असल्याचं दाखवायला लातूरला आले. पाच वाजता कॅमेऱ्यासमोर एक अनोळखी, गुळगुळीत, लाजरा माणूस बसला होता आणि त्याच्या शेजारी रेणापूरचे भाऊ स्वतःच्या सुतकाचं पिठलं खात त्याला झापत होते. त्यांच्या शिव्यांतला शब्दन् शब्द मला कळला. दाजींनी मग दहा नावं वाचली. दहा मार्क. पडद्यावर मोकळा झालेला तो वरचा ओठ थोडा थरथरला. त्या बिनमिशीच्या चेहऱ्याची अक्काला वर्षभर सवय झाली नाही. ती म्हणायची, परका माणूस घरात हिंडायलाय. मला त्या चेहऱ्याइतका ओळखीचा चेहरा जगात दुसरा उरला नव्हता.

पुढे बरीच वर्षं रोज पाच वाजले. मग एका उन्हाळ्याच्या आधी दाजींचा आवाज बसला. घशावर त्यांनी प्रयोग केले, एक आठवडा हळद, एक आठवडा ज्येष्ठमध, एका वेळी एकच. त्यांच्या तत्त्वाने आमचं नुकसान केलं ते एवढं एकदाच, पण ते मोठं केलं. डॉक्टरांकडे गेले तोवर उशीर झाला होता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दोन महिने त्यांचा आवाज खरवडत, विरत, नाहीसा होत होता आणि मी नांदेडला बसून त्यांच्याशी पहिल्यासारखा गप्पा मारत होतो. माझ्या दाजींमध्ये तसूभर फरक पडला नव्हता. ऑपरेशनमध्ये आवाजाची पेटीच काढून टाकली, हे मला अक्काच्या चिठ्ठीतून कळलं. तीन आठवड्यांनी ते पाच वाजता अंगणात आले, गळ्याला पट्टी बांधलेली, आणि म्हणाले, "ओ मेव्हणे, दिसायलो का?"

मी म्हणालो, "दिसताय. वाळलात."

त्यांच्या मागे उभी असलेली अक्का एकदम कॅमेऱ्यासमोर आली. "तुला कळायलंय ते काय म्हणायलेत?" मी हो म्हणालो. ती तिथेच खुर्चीला धरून खाली बसली. तीन आठवडे तिने नवऱ्याचा एक शब्द ऐकला नव्हता. दाजी पाटीवर लिहीत, पण लिहिलेलं भांडण भांडण राहत नाही. ते लिहून होईपर्यंत अक्का स्वयंपाकघरात पोचलेली असे. त्या दिवसापासून दाजी बोलत, मी नांदेडहून त्यांचे ओठ वाचून मोठ्याने म्हणत असे, आणि अक्का ते माझ्या तोंडून ऐके. ज्याला ऐकू येत नाही त्याने, ज्याला आवाज नाही त्याचं, जिला सगळं ऐकू येतं तिला सांगायचं. "सांग त्यांना, गोळी घेतल्याशिवाय चहा न्हाई." "हिला सांगा, चहात साखर घालायची विसरती अन् गोळीची बरी आठवण राहती." दाजींना तिचं नीट ऐकू येई, तरी भांडणाची रीत म्हणून मी दोन्हीकडचं इमानदारीने पोचवत असे. कधी कधी दोघं एकदम बोलत आणि मला दम लागे. उन्हाळा, पावसाळा असा गेला.

एक गोष्ट मी अक्काला अजून सांगितलेली नाही. ती सगळं वाचते, हेही वाचेल. म्हणून इथे लिहितो. शेवटचं दवाखान्यात न्यायच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ. दाजी अंगणात उशीला टेकून बसले होते. अक्का त्यांच्याशेजारी बसून कुणाच्या तरी साखरपुड्याची हकीकत सांगत होती, कुणी काय नेसलं होतं, कोण कुणाशी बोललं नाही. दाजी माझ्याकडे बघतच नव्हते. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड कॅमेऱ्याकडे केलं.

"मेव्हणे," ते म्हणाले, "इतकी वर्षं हिचं नुसतं ऐकलं. बोलताना तोंडाकडं कधी बघितलंच न्हाई. आता मधी बोलता येईना, म्हणून बघायलो. लई देखणी दिसती की ओ ही बोलताना." मग घाईने, "सांगू नका. डोक्यावर बसंल."

अक्का थांबली. "काय म्हणले?"

मी म्हणालो, "पाणी मागतायत."

ती उठून आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. दाजींना तहान नव्हती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, तांब्या दोन्ही हातांनी घेतला, आणि हळूहळू, एकेक घोट, सगळं पाणी प्यायले.